काचेचा विमा

आमच्या दुकानातल्या माशांच्या टाक्यांचा विमा होता. माझ्या अक्काचा नव्हता. सांगायचं ते एवढंच आहे, पण ते शांतपणे सांगणं मला अजून जमत नाही. आई म्हणते, "किती दिवस तेच उगाळशील, बिडु की आता." हे म्हणताना ती अक्काची वेणी घालत असते. अक्काला स्वतःची वेणी घालता येत नाही म्हणून आई घालते, आणि घालता घालता मला सांगते की सोडून दे. मग माझं डोकं आणखी फिरतं.

दुकान इंदिरानगरात आहे, मोठ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. कुत्र्यामांजरांचं खाणं, पट्टे, साखळ्या, शाम्पू, गाद्या, पाखरांचं राळं, माशांच्या टाक्या असं सगळं तिथे मिळतं. कुत्र्यांचे स्वेटरही मिळतात. पण आम्ही मूळचे या धंद्यातले नव्हे. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, तीही अशी की माझ्या ऑफिसातली पुण्याची मंडळी ऐकून गालातल्या गालात हसतात. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, यशवंतपुरात गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. कोंडा, पेंड, चुणी. पुढे शहरातल्या गायी गेल्या, गोठ्यांच्या जागी इमारती आल्या. अण्णांच्या माघारी माझ्या भावानं, दादानं, दुकान इकडे हलवलं आणि कुत्र्यांचं खाणं विकायला घेतलं. ते डोकं त्याचं, हे मी मान्य करते. माल बदलला, गिऱ्हाईक बदललं. फक्त थप्पी बदलली नाही.

थप्पी म्हणजे पोत्यांवर पोती रचणं. अण्णांसमोर कुणी इतकं साधं बोललं असतं तर त्यांनी त्याला पायरीवरून खाली उतरवलं असतं. एक थर आडवा, एक उभा, कोपऱ्यातलं पोतं स्वल्प आत दाबलेलं. तागाची गोणी तागाच्या गोणीला धरून बसते, आणि थप्पी छताला टेकली तरी हलत नाही. यशवंतपूरच्या बाजारात आमच्या थप्पीचं नाव होतं. लॉरीवाले माल उतरवून झाल्यावर मुद्दाम बघत उभे राहायचे. आयुधपूजेला तराजूच्या आधी थप्पीला कुंकू लागायचं. मला या सगळ्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

पण कुत्र्यांच्या खाण्याचं पोतं तागाचं नसतं. ते गुळगुळीत प्लास्टिकचं असतं, आत हवा असते, वर हसऱ्या कुत्र्याचा फोटो असतो, आणि ते दुसऱ्या पोत्यावरून साबणाच्या वडीसारखं घसरतं. हे कळायला काही शिकावं लागत नाही, एकदा हात लावला की पुरे. दादानं रोज हात लावला. तरी तो छतापर्यंत रचत राहिला, एक थर आडवा, एक उभा. जागा चिंचोळी, भाडं चढतं, गोदाम घ्यायचं जिवावर येतं, आणि "आमच्या घरची थप्पी कधी पडलेली नाही". हे वाक्य तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं मांजराच्या वाळूची पिशवी घ्यायला आलेलं असायचं. त्याला आमच्या घराण्याचं काय पडलेलं?

मी मुलखाची रागीट आहे हे आमच्या घरात लहानपणीच ठरून गेलं आहे. त्यामुळे मी काही बोलले की ते माझ्या स्वभावाच्या खाती जमा होतं. थप्पीबद्दल मी किती वेळा बोलले असेन! मी महादेवपुऱ्यात एका कंपनीत नोकरी करते. तिथे लॅपटॉपपेक्षा जड काही मी उचलत नाही, तरी वजन कसं उचलावं, गुडघे कसे वाकवावेत, याची चित्रं आमच्या जिन्यात लावलेली आहेत. माझ्या खुर्चीची उंची बरोबर आहे की नाही ते बघायला एक बाई येते. आगीची घंटा वाजवून आम्हाला खाली उतरवतात आणि आम्ही कॉफीचे कप घेऊन उन्हात उभे राहतो. मी दादाला म्हणायचे, अरे, आमची एवढी काळजी घेतात, आणि तुझ्या दुकानात माणसाच्या डोक्यावर पोती लटकतात. तो म्हणायचा, "एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दुकान चालवून बघ, मग सांग."

त्याची सुरक्षा म्हणजे दसऱ्याला उंबऱ्यावर कोहळा फोडणं आणि शटरला लिंबू-मिरची बांधणं. विमाही त्यानं काढला तो बँकेनं कर्ज देताना मानगुटीवर बसून काढायला लावला म्हणून. आग, चोरी, काचा, सगळं त्यात होतं. एजंट फार मागे लागला तेव्हा माल उतरवणारा आणि घरपोच देणारा, अशा पगारावरच्या दोघांची नावं त्यानं तोंड वाकडं करून घातली. आपल्या दुकानात कुणाला काय होणार आहे, असं तेव्हाही म्हणाला होता.

आणि अक्का? अक्का आम्हा तिघांत थोरली. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, आणि अण्णांच्या वेळेपासून ती दुकानातच आहे. सकाळी शटर ती उघडते. लॉरी आली की ती माल उतरवून घेते, हाताखाली कुणी नसलं तर स्वतः पोतं ओढते. बिल कसं करायचं ते दादाला तिनं शिकवलं. कुठल्या घरच्या कुत्र्याला कोंबडी चालत नाही, कुठलं मांजर म्हातारं झालं म्हणून त्याचं खाणं बदलायला हवं, हे तिला तोंडपाठ. गल्लीतली भटकी कुत्रीसुद्धा तिला बघून शटरपाशी ओळीनं बसतात.

तिला पगार नव्हता. आमच्यात घरच्या बाईला पगार देत नाहीत. द्यायचा म्हटलं तर ते तिला परकी केल्यासारखं होतं, असं मानतात. मी एकदा विषय काढला तर आईच माझ्यावर उखडली, "पगार घ्यायला ती काय मोलकरीण आहे?" दादा म्हणाला, तिला काय हवं ते ती मागते, मी कधी नाही म्हणतो का? खरं होतं. तो नाही म्हणत नसे, कारण ती मागतच नसे. गौरीला साडी, दिवाळीला साडी, झालं. मग आम्ही सगळेच तिचं कौतुक करायचो, अक्का आहे म्हणून दुकान उभं आहे. कौतुकाला काय लागतं?

तो दिवस शनिवार होता. मला सुट्टी, म्हणून मी दुकानात जाऊन अक्काबरोबर चहा पीत होते. एक बाई आल्या, कानाला फोन, हातात साखळी, साखळीला गुबगुबीत कुत्रा. त्यांना नेहमीचं पोतं हवं होतं, आणि ते वरच्या थरात होतं. दादा बँकेत गेला होता, माल उतरवणारा जेवायला. अक्कानं चहाचा पेला खाली ठेवला, लोखंडी स्टुलावर चढली आणि पोत्याचा कान धरून ओढला.

थप्पी पडली असं म्हणतात, पण ती पडली नाही, ती वाहत आली. वरचा थर सरकला, त्यानं खालच्याला ढकललं, आणि सगळी हसरी कुत्री एकामागोमाग एक खाली. अक्का स्टुलावरून कोसळली ती उजव्या हातावर, आणि त्या हातावर पोती. बाकीची समोरच्या भिंतीला लावलेल्या टाक्यांवर गेली. काचा फुटल्या, पाणी दुकानभर झालं, मासे फरशीवर तडफडायला लागले. मी पोती उपसत ओरडत होते, कुणीतरी या, कुणीतरी या. आणि त्या बाई कुत्र्याला कडेवर घेऊन किंचाळत होत्या, "फिश! अरे कोई फिश को तो उठाओ!" शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, आणि तोही आधी खाली वाकून मासा उचलायला लागला. मी त्याला काय शिवी दिली ती इथे लिहीत नाही. अक्का पोत्यांखालून एवढंच म्हणाली, "अय्यो, काचा आहेत, अनवाणी येऊ नका."

खांद्याचं हाड मोडलं होतं, कोपर निखळलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. डॉक्टर भले होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, हात खांद्याच्या वर जाईल असं समजू नका. अक्कानं मान हलवली आणि विचारलं, पोतं उचलता येईल का. डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करते आहे. दवाखान्याचा खर्च दादानं केला, नाही म्हणणार नाही. केला आणि दहाजणांना सांगितलाही. घरच्या माणसासाठी करावंच लागतं की, असं वर म्हणायचा.

मग विमा कंपनीनं नुकसान बघायला पाठवलेला तरुण मुलगा आला. दादानं त्या दिवशी अक्काला रिक्षानं दुकानात बोलावून घेतलं, कारण कुठली टाकी कुठली, किती जाडीची काच, कधी आणलेली, हे त्याला सांगता येईना. अक्का गळ्यात हात अडकवून स्टुलावर बसली. त्याच स्टुलावर. मी रजा टाकून बरोबर गेले होते. मुलगा सभ्य होता. विचारत होता, लिहून घेत होता, फोटो काढत होता. अक्का कन्नडात एकेक टाकी सांगत होती, कशात सोनेरी मासे होते, कशाला पंप होता, कशाचं झाकण आधीच तडकलेलं होतं म्हणून ते धरू नका. इतकी प्रामाणिक बाई.

मुलानं मान वर करून तिच्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "यारिगादरू पेट्टायता?" म्हणजे कुणाला लागलं का. आता ही तिथेच, डोळ्यांसमोर बसलेली. त्यानं पुढे विचारलं की या तुमच्या कामगार का, पॉलिसीत कामगारांचा भाग आहे.

"इल्ला, इल्ला," दादा घाईघाईनं म्हणाला. "मने हेंगसु. सुम्ने बर्ताळे."

घरची बाई आहे. उगीच येते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्काकडे पाहिलं तर ती पुढच्या टाकीबद्दल सांगायला लागली होती. पण तिचा आवाज बसला होता, आणि मुलाला दोनदा विचारावं लागलं. उगीच येते! आम्ही झोपेत असताना उठून शटर उघडायला उगीच जाते. पेंडीच्या धुळीनं तरुणपणी धरलेला खोकला अजून सुटला नाही, तो उगीच. पोत्यांनी हात मोडून घेतला, तोही उगीच, गंमत म्हणून! मी हे सगळं बोलले, त्या मुलासमोर बोलले, मराठीत, कन्नडात, जे तोंडात येईल त्यात. गिऱ्हाईक दारातून मागे फिरलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, त्या काम करतात हे मला दिसतंय. पण त्यांचं नाव कुठेच नाही, पगार नाही. मी काय लिहू?" त्याचं काही चुकलं नव्हतं. राग काढायला तो फार सोयीचा होता, एवढंच.

तो गेल्यावर दादा माझ्यावर धावून आला. "तुला काही अक्कल? तिला कामगार म्हटलं असतं तर लेबर ऑफिसवाले मागे लागले असते. इतकी वर्षं नाव का नाही, विचारलं असतं. आणि अक्काला मी कामगार म्हणू? आपल्या अक्काला? चार लोकांत?"

मला आजही ठरवता येत नाही की या दोहोंतलं जास्त संतापजनक काय. भीती की हा मान. भीती निदान खरी होती. मान मात्र असला की त्याच्या ओझ्याखाली माणूस पोत्यांपेक्षा वाईट दबतो, आणि वरून त्यालाच म्हणायचं की बघ, तुला केवढ्या उंचीवर बसवलं आहे.

काचेची भरपाई आली. तक्रार न करता, वेळेवर आली. नव्या टाक्या आल्या, जुन्यांपेक्षा जाड काचेच्या, आणि त्यांच्यापुढे दादानं लोखंडी जाळी ठोकून घेतली, पुन्हा काही पडलं तर काच सांभाळली जावी म्हणून. आणि समोरच्या भिंतीला त्यानं थप्पी रचली. छतापर्यंत. एक थर आडवा, एक उभा. या वेळी दसऱ्याची वाट न बघता कोहळा फोडला, दृष्ट लागली होती म्हणे. मी ते बघितलं. रागीट म्हणून नाव असलेली मी नुसती दारात उभी राहिले आणि घरी येऊन रडले. अक्का शेजारी बसली होती. तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, जाळी टाक्यांना लावली आहे. ती म्हणाली, "सरी. असू दे."

मला वाटलं, झालं, हिनंही गिळलं. तिच्यावरही मी चिडले.

व्यायाम करून करून तिचा हात थोडा सुधारला. इकडे दुकानाचे हाल होते. जुनी गिऱ्हाइकं अक्का कुठे म्हणून विचारत आणि ती नाही म्हटल्यावर नंतर येतो म्हणत. दादानं कुणाला तरी चुकीचं खाणं दिलं, त्यांचं मांजर आजारी पडलं, ते दारात येऊन भांडून गेले. एका सकाळी तो अक्कासमोर येऊन बसला, "तू नुसती येऊन बस की. काही उचलू नकोस. सुम्ने बस."

पुन्हा तोच शब्द! मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "येते." आणि त्याच पावली निघाली. मीही मागोमाग.

दुकानात शिरल्यावर ती काउंटरकडे गेली नाही. सरळ थप्पीपाशी गेली. तिच्या शेजारच्या मोकळ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि उजवा हात वर न्यायला लागली. हात खांद्याशी आला आणि अडकला. चेहरा पिळवटला, तरी तिनं तो तिथे धरला. डाव्या हातानं काउंटरवरचा किमती लिहायचा मार्कर मागून घेतला, आणि हात जिथे अडकला होता तिथे भिंतीवर रेघ ओढली. वेडीवाकडी आली, डाव्या हाताची.

"याच्यावर एक पोतं दिसलं तर मी शटरला हात लावणार नाही."

"अगं, मग माल ठेवू कुठे? गोदाम कुठून आणू?"

"ते तू बघ," अक्का म्हणाली. "आणि मी उगीच येणार नाही. पगार घेईन. विम्यात नाव घालशील." आवाज चढवला नव्हता. मी इतकी वर्षं चढवत आले आणि माझं कुणी ऐकलं नाही, हेही मला तिथे उभ्या उभ्या झोंबलं.

दादानं हो म्हणायला बरेच दिवस घेतले, आईनं मध्ये पडून अक्कालाच समजावून पाहिलं, घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. अक्का तेवढे दिवस घरी बसून राहिली. शेवटी थप्पी उतरली. मागच्या गल्लीत एक लहान गोदाम मिळालं, जे म्हणे कधी मिळणारच नव्हतं. पगारही ठरला, कारण विम्याच्या कागदावर पगार लिहावा लागतो. इतकी वर्षं आम्हा घरच्यांना जे सुचलं नाही ते एका छापील रकान्यानं करायला लावलं. याचा आनंद मानावा की याची लाज वाटावी, मला कळत नाही. बहुतेक वेळा रागच येतो.

पॉलिसी नव्यानं करायला एजंट आला तेव्हा मी दुकानात होते. दादानं स्वतः अक्काचं नाव सांगितलं, वय सांगितलं. एजंटनं विचारलं, यांचं काम कसलं धरू, हलकं की जड? जड असेल तर हप्ता थोडा वाढेल.

"हलकं," दादा म्हणाला. "काउंटरवर बसते."

अक्का मागे पाखरांचं राळं तोलत होती. तिनं तराजू ठेवला आणि पुढे आली. तिनं उजवा हात उचलायला सुरुवात केली. भिंतीवरच्या रेघेएवढ्या उंचीला तो आला आणि अडकला. ती एजंटकडे बघत नव्हती, दादाकडे बघत होती.

"जड लिहायला सांग," ती म्हणाली.

दादानं सांगितलं. एजंट लिहीपर्यंत अक्कानं हात खाली घेतला नाही.